शेडमधलं वेल्डिंग मशीन आणि घरातली लाईन: शिरोळ तालुक्यातलं एक प्रकरण

केबलचं वेटोळं मी उचललं तेव्हा त्याचे पदर एकमेकांना चिकटले होते. बाजारात मीटरवर मिळते ती काळी, तीन कोअरची लवचीक केबल. आत एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. एकूण पंचवीस मीटर. त्यातली पंधराएक मीटर घराच्या मागच्या सॉकेटपासून शेडपर्यंत ओढलेली, आणि उरलेली दहा मीटर तशीच गुंडाळून जमिनीवर टाकलेली. त्या गुंडाळीपासून दोन हातांवर कडब्याची गंजी होती.

शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव. घरमालक साठीच्या पुढचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत उसाच्या ट्रॉलीचा तळपत्रा आणि साईडच्या पट्ट्या नीट करायच्या होत्या. दरवर्षी ट्रॉली फॅब्रिकेशनवाल्याकडे न्यायची आणि आठ-आठ दिवस नंबर लावून बसायचं, याला कंटाळून त्यांनी २०० अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन विकत आणलं होतं. मशीनच्या वायरला तीन पिनांचा १६ अँपिअरचा टॉप जोडलेलाच आला होता. तो मागच्या पडवीतल्या सॉकेटमध्ये बसला, म्हणजे लाईन पुरते, असा त्यांचा समज झाला. तो साहजिक आहे. टॉप बसतो म्हणजे चालतं, असंच आपण सगळे घरात वागतो.

मी वीजजोडणीची कामं करतो. मला बोलावलं ते वेगळ्याच तक्रारीसाठी. "मशीन झ्याक हाय, पर दहा-पंधरा रॉड सलग ओढलं की बटण खाली पडायचं. वायरमननं बटण बदलून दिलं, आता पडत न्हाई. पर लाईट लय लुकलुकतीय आणि वास येतोय," अण्णा म्हणाले. बदललेलं बटण म्हणजे एमसीबी, जादा करंट गेला की आपोआप लाईन तोडणारा खटका. १६ अँपिअरचा काढून त्या जागी ३२ चा बसवला होता. मागची वायर तीच, सॉकेट तेच, केबलही तीच.

मी आधी मेन बंद केला, ३२ चा एमसीबी काढून पिशवीत टाकला आणि जुना १६ चा परत लावला. मापं घ्यायची ती त्यानंतर.

१६ चा एमसीबी उशिरा का पडत होता

अण्णांना खरं कोडं पडलं होतं ते हे. लोड जास्त होता तर पहिल्याच रॉडला पडायला हवा होता. पंधराव्या रॉडला का?

मशीन सुरू करून १० नंबरचा रॉड, म्हणजे ३.१५ मिमीचा, ११० अँपिअरवर ओढायला सांगितला आणि फेजच्या वायरला टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा, लावला. २२ अँपिअर. घरगुती एमसीबी ज्या मानकाप्रमाणे बनतात त्यात असं ठरलेलं आहे: नेमलेल्या अँपिअरच्या १.१३ पट करंट तासभर गेला तरी तो पडता कामा नये, आणि १.४५ पट गेला तर तासाच्या आत पडलाच पाहिजे. १६ चं गणित मांडलं तर १८ अँपिअरपर्यंत तो धरून राहतो आणि २३ च्या वर नक्की सोडतो. आपला २२ हा मधल्या पट्ट्यात. आत दोन धातूंची एक पट्टी असते. ती हळूहळू तापते, वाकते आणि मग खटका सुटतो. अण्णा रॉड ओढत होते, मुलगा लगेच मागून चिपिंग करत होता, म्हणजे जोडावरची खपली ठोकून काढत होता, त्यामुळे मधे थंड व्हायला वेळच मिळत नव्हता. शिवाय त्याच सर्किटवर फ्रिज होता. पट्टीची मोजणी ३० अंश तापमान धरून केलेली असते. बंद डब्यात दुपारी त्याहून जास्त असतं, तेव्हा ती आणखी लवकर वाकते.

म्हणजे एमसीबी अगदी बरोबर काम करत होता. तो मशीनसाठी बसवलेला नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो, आणि वायर तापते आहे हेच तो सांगत होता. म्हणून एमसीबी वारंवार पडत असेल तर मोठा एमसीबी हे उत्तर असूच शकत नाही. आधी वायर बदलायची, मग त्या वायरला झेपेल एवढा एमसीबी. हा क्रम उलटा केला की जळायची पाळी एमसीबीवरून वायरवर येते. इथं ती आलीच होती.

मापं

मीटरजवळ, मशीन बंद असताना: २२९ व्होल्ट. रॉड चालू असताना मीटरजवळच: २२०. हे नऊ व्होल्ट खांबापासून येणाऱ्या सर्व्हिस वायरमध्ये आणि त्यामागच्या लाईनमध्ये जात होते. त्यात आपल्याला फारसं काही करता येत नाही.

त्याच वेळी शेडमध्ये, मशीनच्या टॉपवर: १८८ व्होल्ट.

मीटर ते शेड या पस्तीसएक मीटरच्या वाटेत ३२ व्होल्ट गायब. हिशेब करून बघितला. मीटरपासून घरातल्या डीबीपर्यंत (एमसीबी बसवलेल्या डब्यापर्यंत) सहा मीटर, ४ चौरस मिमीची वायर. तिथून मागच्या सॉकेटपर्यंत चौदा मीटर, अडीचची. आणि पुढं ही पंचवीस मीटरची एक चौरस मिमीची केबल. जाताना फेजमधून आणि येताना न्यूट्रलमधून, असं प्रत्येक अंतर दुप्पट धरायचं. चारच्या वायरचा विरोध मीटरला साधारण ४.६ मिलिओहम, अडीचच्या वायरचा ७.४, एकच्या लवचीक तारेचा १९.५. तापलेल्या तारेसाठी पंधरा टक्के वाढवले तर पहिल्या तुकड्याचा ०.०६ ओहम, दुसऱ्याचा ०.२४ आणि तिसऱ्याचा १.१२. एकूण १.४२ ओहम, गुणिले २२ म्हणजे ३१ व्होल्ट. मीटरनं दाखवलेल्या आकड्याशी हे इतकं जवळ आलं की कुठं सैल जोड असल्याची शंका उरली नाही. दोष त्या एका केबलचा होता.

त्या केबलमध्ये उष्णता किती होत होती? २२ चा वर्ग ४८४, गुणिले १.१२, म्हणजे साडेपाचशे वॅटच्या आसपास. पसरलेल्या केबलमधली उष्णता हवेत निघून जाते. गुंडाळलेल्या दहा मीटरमधले सव्वादोनशे वॅट मात्र त्या वेटोळ्यातच कोंडत होते. जुने शंभर वॅटचे दोन बल्ब दोरखंडात गुंडाळून कडब्याजवळ ठेवल्यासारखं. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी काही न बोलता गंजीकडं बघितलं आणि मुलाला हाक मारून ती तिथून हलवायला सांगितली.

आणखी एक गोष्ट इथं नीट समजून घ्यायला हवी, कारण जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर हात बसलेल्यांची इथं फसगत होते. तांब्याच्या वेढ्यांचं जुनं मशीन व्होल्टेज पडलं की मलूल होतं, आर्क ढिली पडते आणि लाईनवरचा करंटही उतरतो. इन्व्हर्टर मशीन तसं वागत नाही. नॉब ११० वर असेल तर ते ११० अँपिअर देणारच. समोरून व्होल्टेज कमी आलं तर तेवढीच शक्ती मिळवायला ते जास्त करंट ओढतं. २१५ व्होल्टवर १९.५ अँपिअर घेणारं हे मशीन १८८ वर २२ घेत होतं. बारीक वायरमुळे व्होल्टेज पडतं, व्होल्टेज पडल्यानं करंट वाढतो, करंट वाढल्यानं वायर आणखी तापते. अण्णांना वाटत होतं की आर्क छान पेटते आहे म्हणजे लाईन ठीक आहे. इन्व्हर्टरच्या बाबतीत चांगली आर्क हा लाईन ठीक असल्याचा पुरावा धरू नका.

सॉकेट उघडलं. न्यूट्रलच्या बाजूचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं, पिनेला धरणारी पितळी पट्टी सैल पडलेली. आणि अर्थची वायर होती, पण ती पुढं जाऊन पाण्याच्या जुन्या लोखंडी पाईपला बांधलेली. तो पाईप केव्हाच काढून प्लॅस्टिकचा टाकला होता. म्हणजे अर्थिंग नव्हतंच.

एक शब्द, दोन गोष्टी

"अर्थिंग हाय की! मी रोज क्लॅम्प लावतो," अण्णा म्हणाले.

आपल्याकडं वेल्डिंगच्या धंद्यात कामाच्या लोखंडाला लावायच्या क्लॅम्पला सर्रास अर्थिंग म्हणतात. घरातल्या टॉपच्या जाड पिनेलाही अर्थिंगच म्हणतात. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. क्लॅम्प हा वेल्डिंगच्या करंटचा परतीचा रस्ता आहे. होल्डरमधून गेलेले ११० अँपिअर त्याच वाटेनं मशीनमध्ये परत येतात. टॉपच्या पिनेचं अर्थिंग मशीनच्या पत्र्याला जमिनीशी जोडतं, म्हणजे आत कधी फेज बॉडीला टेकली तर माणूस वाचावा.

अण्णांना मशीनच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. "थोडं थोडं करंट मारतंय, पर जोराचं न्हाई," म्हणून त्यांनी तिकडं दुर्लक्ष केलं होतं. ते कशामुळे, तेही सांगतो. इन्व्हर्टर मशीनच्या आत फेजपासून बॉडीकडं आणि न्यूट्रलपासून बॉडीकडं असे छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, लाईनमध्ये गडबड जाऊ नये म्हणून. अर्थिंग जोडलेलं नसेल तर बॉडी या दोघांच्या मधोमध, ११५ व्होल्टच्या आसपास लटकत राहते. करंट अगदी बारीक असतो, म्हणून माणूस फक्त दचकतो. पण या झिणझिण्या म्हणजे अर्थिंग तुटलं असल्याची खूण समजायची. उद्या आतलं इन्सुलेशन गेलं तर त्याच बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि त्यांना जमिनीत जायला वाट नसेल.

याची दुसरीही बाजू आहे. अर्थिंग चांगलं असेल आणि क्लॅम्प मात्र गंजलेल्या पत्र्यावर अर्धवट लावलेला असेल, तर वेल्डिंगचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो. ट्रॉली शेडच्या खांबाला टेकलेली, खांब अर्थिंगला जोडलेला, अशा वेळी तो शंभर अँपिअर घराच्या बारीक अर्थच्या वायरमधून जायला बघतो आणि ती वायर भिंतीतल्या भिंतीत भाजून निघते. म्हणून क्लॅम्प जिथं वेल्डिंग चाललंय त्याच तुकड्याला, ग्राइंडरनं घासून चकचकीत केलेल्या जागी, शक्य तितका जवळ.

मशीनच्या पाटीवर काय लिहिलं होतं

मशीनच्या पाठीमागं पत्र्याची पाटी होती. २०० अँपिअर, ६० टक्के. आय-वन-मॅक्स ३८ अँपिअर, आय-वन-इफेक्टिव्ह २९.४ अँपिअर. मशीन घेताना दुकानात कुणी ही पाटी वाचत नाही. सर्किट निवडायला मात्र सगळ्यात कामाची तीच.

मॅक्स म्हणजे पूर्ण २०० वर असताना लाईनवरून ओढला जाणारा करंट. ६० टक्के म्हणजे दर दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क. इफेक्टिव्ह आकडा वायर किती तापेल त्यावरून काढतात. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणून ३८ ला ०.६ च्या वर्गमुळानं गुणायचं: २९.४. पाटीवरून सरळ निवडायचं तर वायर आणि एमसीबी ३२ अँपिअरच्या हिशेबानं घ्यावे लागतात.

पण अण्णा २०० वर कधी जाणार होते? ट्रॉलीचा पत्रा, अँगल, कुळवाची मोडलेली पास, गोठ्याची जाळी. यासाठी १२ नंबरचा अडीच मिमीचा रॉड ८० अँपिअरवर आणि १० नंबरचा ११० ते १२० वर पुरतो. आर्कचं व्होल्टेज साधारण २० अधिक करंटच्या चार टक्के धरतात. ८० ला २३.२ व्होल्ट, ११० ला २४.४, ४ मिमीच्या ८ नंबर रॉडसाठी १६० ला २६.४. याच मशीनच्या पाटीवरचं प्रमाण लावलं तर २३० व्होल्टवर लाईनकडून अनुक्रमे साडेबारा, सव्वाअठरा आणि जवळजवळ एकोणतीस अँपिअर लागतात.

यातला पहिला आकडा मी अण्णांना दोनदा सांगितला. फक्त १२ नंबरचाच रॉड वापरायचा असेल आणि मशीन थेट सॉकेटला लावता येत असेल, तर अडीचची वायर, चांगलं १६ चं सॉकेट आणि १६ चा एमसीबी एवढ्यावर काम भागतं. त्या सर्किटवर दुसरं काही नको आणि अर्थिंग हवं, एवढीच अट. फाटक, खुर्ची, जाळी करणाऱ्या कितीतरी घरांना याहून जास्त काही लागत नाही. उगाच मोठं सर्किट विकण्यात मला रस नाही. अण्णांचं काम मात्र १० नंबरचं होतं आणि शेड लांब होती.

जे पर्याय बाजूला ठेवले

पहिला अण्णांनीच काढला. "विहिरीवरच्या मोटरीची थ्री फेज लाईन शेडच्या मागनंच गेलीय. स्टार्टरवरनं दोन वायरी घेऊ या का?" मी स्पष्ट नाही म्हणालो. ते कनेक्शन शेतीपंपासाठी मंजूर झालेलं, त्याचा दर वेगळा. ज्या कारणासाठी वीज दिली त्यापेक्षा वेगळ्या कामाला ती वापरली, तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दरानं होते. त्याशिवाय धोकाही मोठा. दोन फेजच्या मध्ये चारशेच्या वर व्होल्ट असतात. २३० चं मशीन तिथं लावलं तर पहिल्या क्षणी आतले कपॅसिटर फुटतात.

दुसरा पर्याय, घराला थ्री फेज घेणं. मशीन सिंगल फेज आहे, त्यामुळे त्याचा सगळा भार शेवटी एकाच फेजवर येणार. एवढ्यासाठी ते पटलं नाही.

मुलाच्या डोक्यात पुढंमागं गावातली फाटकं, ग्रील करून द्यायचा विचार होता. त्याला मी वेगळं बसवून सांगितलं. स्वतःच्या औजारांची दुरुस्ती ही एक गोष्ट आणि धंदा दुसरी. धंदा सुरू करायचा तर आधी महावितरणकडं त्या वर्गवारीचं कनेक्शन मागायचं, आणि तेव्हा थ्री फेजचा विचार जरूर करायचा.

काय केलं

मीटरवर ५-३० अँपिअर छापलेलं होतं आणि बिलावर मंजूर भार २ किलोवॅट. वेल्डिंगला १९-२० अँपिअर, घरातला फ्रिज, पंखे, टीव्ही मिळून चार-पाच. इथवर ठीक. पण बोअरची एक एचपीची मोटर शेडशेजारीच होती आणि ती सातएक अँपिअर घेते. तिन्ही एकदम चालले तर तिशी ओलांडते. मंजूर भार वाढवायचा अर्ज ५ किलोवॅटसाठी केला, त्याला लागणारा टेस्ट रिपोर्ट माझ्या परवान्यावर दिला. मोटर आणि वेल्डिंग एकाच वेळी चालू राहू नयेत यासाठी चेंजओव्हर बसवला. दांडा एका बाजूला असेल तर मोटर, दुसऱ्या बाजूला असेल तर वेल्डिंग. आठवणीवर भिस्त ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण पाण्याची टाकी रिकामी झाली की घरातलं कुणीही मोटरचं बटण दाबणार.

मीटरपासून शेडपर्यंत घराच्या डीबीला हात न लावता स्वतंत्र लाईन काढली. कंपाउंडच्या भिंतीवरून जाड पीव्हीसी पाईप, अंतर ३४ मीटर. सुरुवातीला ३२ चा दोन पोलचा एमसीबी. वायर ४ ची की ६ ची यावर थोडी घासाघीस झाली. चारची स्वस्त, आणि ३२ अँपिअर तीही वाहते असं दुकानदारानं अण्णांना सांगितलं होतं. पाईपमधून गेलेली चारची वायर ३२ अँपिअर झेलते हे खरं, पण ते ३० अंश तापमानाला. भिंतीवर ऊन येतं. ४० अंशांना तो आकडा ०.८७ नं कमी होऊन २८ वर येतो, म्हणजे ३२ च्या एमसीबीखाली ती उघडी पडते. सहाची ४१ वरून ३५ वर येते आणि ४५ अंशांनाही ३२ च्या खाली जात नाही. शिवाय व्होल्टेजचा हिशेब आहेच. सहाच्या वायरमध्ये जाऊन-येऊन ६८ मीटरचा विरोध ०.२४ ओहम, चारच्या ०.३६. मी सहाची टाकली आणि अर्थसाठीही सहाचीच हिरवी वायर सोबत नेली.

शेडमध्ये छोटा डीबी. त्यात ४० अँपिअरची, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीकडं गळला की लाईन तोडणारं बटण), वेल्डिंगसाठी २५ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी, ग्राइंडरच्या सॉकेटला १६, दिव्याला ६. पाटीवर २९.४ असताना २५ च का, हा प्रश्न कुणी विचारील म्हणून सांगतो. अण्णांच्या कामाला २० पुरतात, त्याला २५ चा आरामात धरून राहतो. घराचं मीटर तिशीचं. उद्या कुणी नॉब पूर्ण फिरवून ८ नंबरचा रॉड सलग ओढायला लागलं, तर मीटरवर आणि सर्व्हिस वायरवर ताण येण्याआधी शेडमधला एमसीबी पडावा. सर्किट मशीनच्या ताकदीइतकं मोठं करता आलं असतं, पण मागची सगळी साखळी तेवढी नव्हती. सी प्रकार अशासाठी की मशीन सुरू करताना आतले कपॅसिटर भरायला क्षणभर जादा करंट जातो. बी प्रकारचा तेवढ्यानंही पडू शकतो. सी नेमलेल्या अँपिअरच्या पाच ते दहा पटीला लगेच सुटतो.

मशीनच्या वायरचा १६ चा टॉप काढून ३२ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल प्लग आणि तसलंच सॉकेट बसवलं. घरगुती सॉकेटच्या पितळी पट्ट्या २० अँपिअर रोज सहन करत नाहीत, हे तपकिरी झालेलं प्लॅस्टिक सांगतच होतं. लांब कामासाठी पुन्हा एक्स्टेंशन ओढलं जाऊ नये म्हणून होल्डरची आणि क्लॅम्पची केबल १० मीटरची घेतली, २५ चौरस मिमी तांब्याची. ट्रॉलीखाली ओल्या मातीवर २३० ची वायर नेण्यापेक्षा होल्डरची केबल नेणं कितीतरी सुरक्षित.

सॉकेट आणि डीबी किती उंचीवर लावायचा हे ठरवायला आमच्या भागात टेप लागत नाही. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुराच्या रेषा शेडच्या भिंतीवर अजून दिसतात. वरच्या रेषेच्या हातभर वर डीबी लावला. अण्णांच्या मुलाला बटण दाबायला हात वर करावा लागतो, पण त्याबद्दल घरात कुणी तक्रार केली नाही.

अर्थिंगसाठी शेडच्या मागं अडीच मीटर लांबीचा जस्त चढवलेला पाईप, कोळसा आणि मिठाच्या थरांत पुरला. काळी जमीन, पावसाळा नुकता संपलेला. मापल्यावर ४ ओहम आला. उन्हाळ्यात तो वाढणार, म्हणून मे महिन्यात परत मापायला येईन असं तेव्हाच सांगून ठेवलं.

चार ओहम म्हणजे उत्तम अर्थिंग, मग आरसीसीबी कशाला, असं अण्णांच्या भाच्यानं विचारलं. तो आयटीआयला शिकतो आहे. त्याला पाटीवर गणित करून दाखवलं. फेज बॉडीला टेकली तर करंट आपल्या ४ ओहममधून जमिनीत आणि डीपीच्या, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या, न्यूट्रलच्या अर्थिंगमधून परत. ते समजा २ ओहम. २३० भागिले ६ म्हणजे ३८ अँपिअर. २५ चा सी एमसीबी लगेच पडायला १२५ ते २५० अँपिअर लागतात. ३८ ला तो कित्येक मिनिटं तसाच बसेल, आणि तेवढा वेळ मशीनच्या बॉडीवर दीडशे व्होल्ट असतील. आरसीसीबी मात्र ०.०३ अँपिअर गळती झाली की डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडते. शेतात, शेडमध्ये, जिथं डीपी लांब आहे आणि स्वतःचं अर्थिंग पुरलेलं आहे, तिथं एमसीबीवर माणसाचा जीव सोपवता येत नाही.

सगळं जोडून झाल्यावर तोच १० नंबरचा रॉड, तेच ११० अँपिअर. मीटरजवळ २२०, शेडच्या सॉकेटवर २१५, करंट १९.५. अर्धा तास सलग काम केल्यावर प्लगला हात लावला, कोमटसुद्धा नव्हता. घरातले दिवे अजून किंचित लुकलुकतात, कारण मीटरमागचे नऊ व्होल्ट तसेच आहेत. सर्व्हिस वायर बदलून द्यायची विनंती भारवाढीच्या अर्जासोबतच जोडली.

आठवड्यानंतर

फोन आला. आरसीसीबी सारखी पडते आहे. शेजारच्या कुणी तरी ती काढून सरळ जोडायचा सल्ला दिलेला. "तुमी यायच्या आत काय करू नगा म्हनलाय, म्हणून थांबलोय," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी थांबून राहिल्याचं मला फार बरं वाटलं.

गेलो तर वेल्डिंग मशीन दिवसभर चालवूनही काही होत नव्हतं. शेडमधलं जुनं बेंच ग्राइंडर लावलं की मात्र आरसीसीबी लगेच पडायची. ते आधी दोन पिनांच्या टॉपवर चालायचं. मी नव्या सॉकेटसाठी तीन पिनांचा टॉप बसवून दिला होता, म्हणजे त्याच्या बॉडीला पहिल्यांदाच अर्थिंग मिळालं होतं. टॉप काढून बॉडी आणि वाइंडिंगमध्ये मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, काटा शून्याला टेकला. वाइंडिंग बॉडीला लागलेलं होतं, कोण जाणे किती दिवसांपासून.

"ह्यावर तर मी अनवाणी उभा राहून विळे पाजळतो," अण्णा म्हणाले.

ग्राइंडर उचलून गाडीत टाकलं आणि जयसिंगपूरला वाइंडिंगवाल्याकडं दिलं. सॉकेटजवळच्या भिंतीवर मुलानं खडूनं महिन्याची एक तारीख लिहून ठेवली आहे, त्या दिवशी आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबायचं. ट्रॉलीचा तळपत्रा पाडव्याआधी पूर्ण झाला.